मोटारखान्यातलं मोरपंखी

माधवराव मास्तरांच्या घराला मोटारखाना होता, पण मोटार त्यांच्या सात पिढ्यांत कुणी बाळगली नव्हती. परभणीतलं हे घर त्यांनी ज्या कंत्राटदाराकडून घेतलं त्याची मोटार होती. तो मोटार घेऊन गेला आणि मोटारखाना ठेवून गेला. तेव्हापासून त्या पत्र्याच्या दारामागं मास्तरांची सायकल, कमलबाईंच्या गोवऱ्या आणि एक मोडकी बाज असा संसार सुखानं नांदत होता. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एके दिवशी मास्तरांनी हा सगळा संसार उचलून अंगणात आणून टाकला, आणि कमलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

कारण काय, तर मास्तरांची जबान. पोरीची, म्हणजे हेमाची, सोयरीक पालमच्या आश्रुबांच्या घरी जुळली होती. सुपारी फुटली त्या दिवशी बायकांनी तिला चेष्टेत विचारलं, की बाई, आंदणात तुला काय पाहिजे ते आत्ताच सांग, मागून कुरकुर नको. हेमा बी. ए. झालेली पोरगी, पण जन्मात तिनं कधी काही मागितलेलं नव्हतं. दिवाळीला जे कापड आणलं ते शिवून घ्यायचं, ताटात जे पडलं ते खायचं. त्या दिवशी मात्र मान खाली घालून ती म्हणाली, की कपाट पाहिजे, पण मोरपंखी रंगाचं.

बैठकीत हशा पिकला. हसणारच की हो. त्या काळी जिल्ह्यात कुठल्याही लग्नाला जा, मांडवात लोखंडी कपाट उभं असायचं ते एकाच रंगाचं. ना धड हिरवं, ना धड करडं, तळ्यावरच्या शेवाळासारखं. नवरानवरी बदलायची, कपाट तेच वाटायचं. आश्रुबा मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "गुरुजी, आमी तर मोरपंखी कपाट आजून बघितलं न्हाई. तुमी दावा बरं एकदा."

मास्तरांना काय झालं कोण जाणे. भरल्या बैठकीत ते बोलून गेले, "दिलं."

झालं. शब्द सुटला, आता तो परत कुठला यायला?

कपाटाच्या कारखान्यात मास्तर गेले तेव्हा तिथल्या माणसानं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू त्यांनी हत्ती मागितलाय. लग्नसराईचे दिवस, कपाटांची रांग लागलेली, आणि एका कपाटासाठी रंग फवारायची गन कोण धुवत बसणार? त्यानं स्वच्छ सांगितलं, की सगळ्यांसारखं घ्या, न्हाईतर कोरं घेऊन जा आणि घरी काय गुण उधळायचे ते उधळा. मास्तरांनी इरेला पेटून कोरं कपाट हातगाड्यावर टाकलं आणि भर दुपारी बाजारातून घरी आणलं.

कमलबाई म्हणाल्या, की करडंच घ्यायचं होतं, पोरगी समजूतदार हाय, काही म्हणायची न्हाई.

"ती काही म्हणायची न्हाई," मास्तर म्हणाले, "म्हणूनच."

कमलबाईंनी पदर खोचला आणि हातगाड्यावरून कपाट उतरवायला एका अंगानं हात लावला.

मोरपंखी रंग परभणीत मिळेना. नांदेडच्या एका दुकानदारानं दोन-तीन डबे एकमेकांत ओतून, ढवळून, काडीवर लावून दाखवून शेवटी तो जमवून दिला. मास्तर तो डबा मांडीवर घेऊन रेल्वेनं आले. गाडीत शेजारच्या माणसानं विचारलं, तूप हाय का? मास्तर म्हणाले, तुपापेक्षा भारी हाय.

स्टेशनकडच्या गल्लीत भगवानराव जीपगाड्या रंगवायचे. त्यांच्या अंगणात वरातीच्या जीपा उभ्या होत्या, त्यामुळं कपाटाला जागा नव्हती, पण माणूस दिलदार. त्यांनी जुनी गन दिली, हवा भरायचा कॉम्प्रेसर दिला, आणि हात कसा फिरवायचा तेही शिकवलं. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरळ रेषेत न्यायचा, आणि कडेला पोचल्यावर थांबायचं नाही, तसंच पुढं निघून जायचं. हेमाही सोबत गेली होती. तिनं आणि मास्तरांनी गनीत नुसतं पाणी भरून परसातल्या भिंतीवर दोन दिवस सराव केला. खरं सांगायचं तर मास्तरांच्या हातून भिंतीवर ओघळ यायचे आणि हेमाच्या हातून यायचे नाहीत. पण मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही.

मग त्यांनी अंगणात एका पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून बघितला. नेमकी तेव्हाच वाऱ्याची वावटळ उठली. काळ्या मातीची धूळ, निंबाचा पाला, एक माशी, सगळे पाहुणे येऊन ओल्या रंगावर बसले. वाळल्यावर बोट फिरवलं तर पत्रा रव्यासारखा खरखरीत. भगवानरावांनी तो बघून सांगितलं, की मास्तर, खोली पाहिजे. पण बंद खोलीत मारलात तर तासाभरात डोकं गरगरंल, आणि कुणी बिडी पेटवली तर खोली आभाळात जाईल.

मास्तर घरी आले, ताटावर बसले, आणि पहिला घास हातातच राहिला. समोर खिडकीत कूलर चालू होता. आता मे महिन्यात परभणीत कूलर कुणाच्या घरात नाही? पण मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि त्यांना त्या कूलरमध्ये भलतंच काही दिसायला लागलं. हवा एका अंगानं गाळून आत घ्यायची, दुसऱ्या अंगानं ओढून बाहेर फेकायची. धूळ आत येणार नाही, वाफ आत राहणार नाही. ते तसेच उष्ट्या हातानं उठले आणि फरशीवर खडूनं मोटारखाना काढायला लागले. कमलबाईंनी ताट झाकून ठेवलं.

त्यानंतरचे दिवस काय सांगावेत. शाळेला सुट्टी, ऊन मी म्हणत होतं, आणि मास्तर लग्नाच्या पत्रिका वाटायच्या सोडून भंगारवाल्यांच्या दारोदार फिरत होते. जुन्या कूलरचा पंखा मिळाला. कमलबाईंच्या भावाकडून खताच्या रिकाम्या गोण्या आल्या. त्यांच्या आतलं प्लास्टिक हेमानं उसवून, धुवून, मशीनवर जोडून त्याचे लांबलचक पडदे केले आणि भिंती मढवल्या. वरच्या पत्र्यातून कचरा पडू नये म्हणून जुनी धोतरं ताणून छत केलं. पंखा मागच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवायचा, असं मास्तरांनी ठरवलं. रंगाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते, हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा. पंख्याची मोटार आत ठेवायची नाही, एक ठिणगी पुरते, म्हणून ती भिंतीबाहेर पत्र्याच्या डब्यात आणि मधे पट्टा. दिवासुद्धा बाहेर, काचेच्या तावदानामागं. पंख्याच्या तोंडाला गोणपाट बांधलं, उडालेला रंग त्यात अडकावा म्हणून. आणि दारात, जिथून हवा आत यायची तिथं, धूळ गाळायला वाळ्याची टट्टी. कूलरला लावतात तीच, वाळ्याच्या मुळ्यांची, लाकडी चौकटीतली.

शेजारचे व्यंकटराव, कचेरीतून निवृत्त झालेले, रोज ओट्यावरून हे बघायचे. पोरीच्या लग्नात माणसाला येड लागतं हे त्यांना ठाऊक होतं, पण असं येड त्यांनी बघितलं नव्हतं.

पंखा बसवायला सिताराम आला. सिताराम म्हणजे गावातला जुना कूलरवाला, हात सफाईचा. त्यानं पट्टा चढवला, बटण दाबलं, आणि मास्तरांनी वारा कुठून कुठं जातो ते दिसावं म्हणून आत ऊद पेटवून ठेवला. सगळे दारात येऊन उभे राहिले. पंखा घरघरला, आणि उदाचा तो सगळा धूर मागं जायच्या ऐवजी भसकन दारातून बाहेर आला. तो सरळ व्यंकटरावांच्या ओट्यावर गेला. व्यंकटराव खोकत खोकत म्हणाले, आरती झाली असंल तर प्रसाद तरी द्या.

सितारामनं पंखा कूलरसारखा बसवला होता, वारा आत फेकणारा. तो खजील होऊन म्हणाला, "मास्तर, जलमभर वारा घरात आणायचं काम केलं. घालवून द्यायचं तुमी पयल्यांदाच सांगायलाव."

पंखा उलटा केला. पुन्हा ऊद घातला. आता बघा, धूर जरासा घुटमळला, मान वळवल्यासारखा झाला, आणि मग जो निघाला तो जमिनीला धरून, कपाटाच्या पायांवरून, सरळ पंख्याच्या भोकात. दारात उभं राहिलं तर वासाचा मागमूस नाही. मास्तरांनी टाळी वाजवली. हेमा तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळ्यांत चमक मावत नव्हती. सितारामनं स्वतःच आणखी चिमूटभर ऊद टाकला. पुढचे चार दिवस गल्लीतली माणसं नुसता धूर बघायला येत होती, आणि कमलबाईंच्या देवघरातला ऊद संपला.

कपाट घासून झालं, खड्डे भरून झाले, तांबडं अस्तर बसलं. लग्न आठवड्यावर आलं. भगवानराव जिंतूरला गेले होते, पण मास्तरांना आता कुणाची गरज वाटत नव्हती. सकाळी उन्हं चढायच्या आत ते नाकाला फडकं बांधून आत शिरले. हेमानं नळी धरली. टट्टी सरकवून दार बंद केलं आणि पंखा चालू झाला.

पहिला हात बसला आणि मास्तरांच्या छातीत काहीतरी फुललं. तांबड्या पत्र्यावर निळं आलं, निळ्यात हिरवं आलं, आणि दिव्याच्या बाजूनं बघावं तर मधूनच जांभळी झाक. धुळीचा एक कण नाही. माशी तर माशी, तिची सावली नाही. "बघ, हेमे, बघ," एवढंच ते फडक्यातून म्हणत होते. थोडा वेळ जाऊ दिला, पहिला हात वाळला, आणि त्यांनी दुसरा हात सुरू केला. जेवढा रंग होता तेवढा सगळा गनीत भरला.

मधेच वाळ्याचा गोड वास आला. अंगाला गारवा लागला. मास्तरांना वाटलं, शुभशकुन झाला, आणि ते अजूनच जोरात मारू लागले. कपाटाच्या दारापासून सुरुवात करून दुसऱ्या अंगापर्यंत पोचले, मागं वळून बघितलं, आणि हात जागच्या जागी थिजला. मोरपंखी गेला होता. सगळ्या दारावर पांढुरकी साय धरली होती, कुणी ताक सांडल्यागत. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

ते टट्टी सरकवून बाहेर आले. बाहेर कमलबाई उभ्या, हातात रिकामी बादली. टट्टीतून पाणी ठिबकत होतं.

"लय उकडायलं होतं," कमलबाई म्हणाल्या. "तुमी दोघं आत कोंडलेले, आन् टट्टी कोरडी ठणठणीत. म्हणून मारलं पाणी."

आता यावर काय बोलणार? मे महिना, परभणी, आणि दारात कोरडी टट्टी दिसली, तर कुणाचाही हात बादलीकडं जाईल. मास्तरांचासुद्धा गेला असता. हे मास्तरांना कळत होतं, म्हणून त्यांना ओरडताही येईना. ओल्या हवेतलं पाणी ओल्या रंगात शिरलं होतं. मास्तर पायरीवर मटकन बसले. डब्यात रंग नव्हता. विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा बंद पुकारलेला, नांदेडची बाजारपेठ उघडी नाही, गाड्यांचा भरवसा नाही. लग्नाला दिवस उरलेले बोटांवर मोजण्याइतके. भरल्या बैठकीत "दिलं" म्हणालेला माणूस आता मांडवात काय उभं करणार? आश्रुबा हसतील, ते हसोत. पण पोरगी काही म्हणणार नाही, याचाच मास्तरांना धसका बसला. पांढुरक्या कपाटात ती आयुष्यभर लुगडी ठेवील आणि कधी काही म्हणणार नाही. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

कमलबाई बादली टाकून आत निघून गेल्या. व्यंकटराव ओट्यावरून उठून आले आणि कपाट बघून परत गेले.

रडून झाल्यावर मास्तरांचं डोकं चालायला लागलं. पाणी आत अडकलंय ना? मग रंग पुन्हा मऊ केला तर ते उडून जाईल. रंग मऊ होतो तो पातळ करायच्या थिनरनं, आणि थिनरचा डबा अर्धा शिल्लक होता. नुसतं थिनर, अगदी धुक्यासारखं, कोरड्या हवेत. पण जरा जास्त पडलं तर सगळा रंग वितळून खाली ओघळणार आणि मग कोरा पत्रा. त्यांनी गन उचलून बघितली. मग कपाटाकडं बघितलं, मग पुन्हा गनीकडं.

"बाबा," हेमा म्हणाली, "गन मला द्या."

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. भिंतीवरचे ओघळ त्यांना आता आठवले. त्यांनी गन दिली.

ओली टट्टी काढून टाकली, तिच्या जागी मलमलीची कोरडी साडी ताणून बांधली. मग दुपारची वाट बघत बसले. एरवी त्या झळांना परभणीचा माणूस शिव्या देतो, दारं लावून घेतो, डोक्याला उपरणं गुंडाळतो. त्या दिवशी मास्तर अंगणात उभे राहून झळांची वाट बघत होते, आणि पहिली झळ तोंडावर आली तशी त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

हेमानं नाकाला पदर घट्ट बांधला, पाय रोवले, आणि हात उचलला. गनीतून दिसेल न दिसेल असा तुषार निघाला. तिचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, थांबला नाही, कडेबाहेर निघून गेला. काहीच झालं नाही. आणि मग वरच्या कोपऱ्यात ती पांढरी साय हलली. आधी एवढासा डाग निवळला, त्यातून निळं वर आलं, मग हिरवं. तिचा हात जसजसा जाई तसतसं पांढरं मागं सरे आणि रंग वर उसळून येई, आधीपेक्षा गडद, आधीपेक्षा ओला, तोंड दिसावं असा. एक ओघळ नाही. मास्तर नाचायला लागले हो, खरंच नाचले, पन्नाशीचा माणूस. "कमल, अगं ये, आला बघ," म्हणत ते अंगणात पळाले आणि बायकोला हाताला धरून घेऊन आले. कमलबाईंनी दारातूनच बघितलं आणि पोरीवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

लग्न लागलं. दारातल्या मांडवात कपाट उभं होतं, आणि अक्षता पडल्यावर वऱ्हाड नवरीपेक्षा कपाटाभोवतीच जास्त जमलं. बायका बोटं लावून बघत होत्या. पालमची पोरं त्यात वाकून भांग पाडत होती. गर्दी बाजूला सारत आश्रुबा आले, समोर उभे राहिले, आणि कपाटात स्वतःचा फेटा दिसला तसा त्यांनी नकळत सरळ केला.

"गुरुजी," ते म्हणाले, "कुण्या कारागिराचं काम हे?"

या प्रश्नासाठी मास्तर महिनाभर जगले होते. दाढी करताना आरशात बघून त्यांनी याचं उत्तर म्हणून ठेवलं होतं. ते छाती काढून तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर बोहल्यावर गेली. मुंडावळ्यांआड हेमा खाली बघत बसली होती. कमलबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, की काही बोलू नका. बरोबरच होतं त्यांचं. सून रंगाची गन चालवते हे ऐकून कुठल्या सासऱ्याला बरं वाटणार?

"मोटारखाना मी केला," मास्तर म्हणाले. "रंग पोरीच्या हातचा हाय. माझ्या हातून तर नासला होता."

आश्रुबांनी कपाटाला एक फेरी मारली, मागच्या अंगालाही हात फिरवून बघितला. मग ते सरळ बोहल्याकडं गेले आणि सगळ्यांदेखत नव्या सुनेसमोर उभे राहिले. मांडवात सासऱ्यानं सुनेशी असं बोलायची रीत नव्हती, पण ते बोलले.

"पोरी, आपल्या ट्रॅक्टरचा पार रंग उडालाय. जमंल का तुला?"

हेमानं मान वर केली नाही. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"जमंल की मामंजी. पण पंखा लागंल."

आश्रुबा खदाखदा हसले, आणि मग सगळा मांडव हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायलाही सवड नव्हती. त्यांनी अंगातला नवा कोट काढून व्यंकटरावांच्या हातात दिला, पंगतीत बसलेल्या सितारामला दंडाला धरून उठवलं, आणि दोघं मोटारखान्याकडं निघाले. पोरीनं पंखा मागितला होता, आणि पाठवणीच्या आत तो भिंतीतून खोलायला पाहिजे होता.